शेजारी एमआयडीसी, दारात प्लॉटिंग: आमच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

माझं दुकान छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका गावात, जालना रोडपासून तीन किलोमीटर आत, वेशीजवळ आहे. पाटीवर 'आपले सरकार सेवा केंद्र' असं लिहिलंय, पण गाव त्याला झेरॉक्सचं दुकानच म्हणतं. पूर्वी पीक विमा, उत्पन्नाचा दाखला आणि पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म एवढंच काम असायचं. शेंद्र्याची एमआयडीसी वाढली, ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी आली, समृद्धी महामार्ग झाला, आणि दुकानातली गर्दी बदलली. २०२४ मध्ये बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार अशी बातमी आली. बिडकीन पैठण रोडला, आम्ही जालना रोडला, मध्ये अख्खं शहर. तरी त्या आठवड्यात आमच्या गावाचे सातबारे काढून काढून माझा प्रिंटर बसला.

मी वकील नाही, तलाठीही नाही. पण तेच तेच प्रश्न रोज ऐकतो आणि त्यांची उत्तरं शोधायला तहसीलच्या पायऱ्या बऱ्याच झिजवल्यात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. शहराच्या चारी बाजूंना अशी गावं आहेत. मोठा व्यवहार असेल तर हे वाचून थांबू नका, चांगला वकील गाठा, आणि तो घेणाऱ्याने आणलेला वकील नसावा.

प्लॉटिंगवाले गावात फिरायला लागलेत. सगळ्यात आधी काय करावं?

चहा पाजा, पण बोलणी करू नका. आधी स्वतःचा सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि त्या गटाचे सगळे फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढा. सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र: सातमध्ये मालकी, बारामध्ये पिकं. लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद घडी करून खिशात घालतात. खरी मेख 'इतर हक्क' या रकान्यात असते. तिथे सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कूळ, वारसाचं नाव, कधीकधी 'विक्रीस बंदी' असं काहीही निघतं.

गेल्या उन्हाळ्यात एक नाना आले. सोसायटीचं कर्ज फेडून त्यांना वीस वर्षं झालेली, पण बोजा सातबाऱ्यावर तसाच. घेणाऱ्याच्या माणसाने तो दाखवून भाव पाडायला सुरुवात केलेली. नानांकडे बेबाकीचा, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला घरात होता, तोही गहू साठवायच्या कोठीच्या मागे, उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. तो तलाठ्याकडे दिला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गाव अजून तलाठीच म्हणतं), फेरफार झाला, बोजा कमी झाला. महिना-दीड महिना लागला. तेवढा वेळ घेणारा थांबला. घ्यायची असते तेव्हा थांबतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. घेणाऱ्याच्या मोबाईलमध्ये अख्ख्या गावाचा नकाशा असतो. कुठून रस्ता जाणार, कुठला गट अडकलेला, कोणाच्या घरात लग्न आहे, हे सगळं त्याला माहीत असतं. आपण मात्र आपला एक गट धरून बसतो आणि शेजारच्याने काय भावात दिली तेही आपल्याला शेवटी कळतं, कारण तो सांगत नाही.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' आहे. म्हणजे विकता येत नाही का?

परवानगीशिवाय नाही. वर्ग १ म्हणजे पूर्ण मालकीची. वर्ग २ म्हणजे सरकारकडून किंवा सरकारमार्फत काही अटींवर मिळालेली, त्यामुळे विकायला, तारण ठेवायला, बिगरशेती करायला आधी परवानगी लागते आणि बहुतेक वेळा नजराणा, म्हणजे सरकारला ठरलेली रक्कम, भरावा लागतो. सिलिंगची (कमाल मर्यादेच्या कायद्यात निघालेली) जमीन, भूमिहीनांना मिळालेली, धरणग्रस्तांची, इनामाची, सगळ्यांच्या अटी वेगवेगळ्या. 'वर्ग २ आहे ना, मग आम्ही बघून घेतो, तुम्ही फक्त सही करा' असं कोणी म्हणालं तर उठून घरी या. अट मोडली म्हणून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि ती तुमच्या नावावरची होते, त्याच्या नाही.

आजोबांच्या पेटीत उर्दूतला कागद सापडलाय. त्याला काही किंमत आहे का?

आहे, फेकू नका. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी उर्दूत, काही मोडीत. नंतरच्या काळातलं खासरा पत्रक मालकीच्या वादात अजून काढावं लागतं. पुणे-साताऱ्याकडचा वकील असेल तर त्याला हे शब्द नवे असतात, म्हणून वकील इकडचाच बघा.

दोन जुने विषय आमच्याकडे पुन्हा पुन्हा वर येतात. पहिला इनामाचा. मदतमाश, खिदमतमाश असे शब्द कागदावर दिसले की समजा, ही जमीन कोणाला तरी निर्वाहासाठी किंवा दर्गा, मशीद, देवळाच्या सेवेसाठी दिलेली होती. इनामं १९५४ च्या कायद्याने गेली, पण सेवेच्या जमिनींचा मामला वेगळा राहिला आणि त्यातल्या कित्येक आज देवस्थान किंवा वक्फच्या नोंदीत आहेत. दुसरा कुळाचा. आपल्याकडे मुंबईचा नव्हे तर हैदराबादचा १९५० चा कूळकायदा लागतो. त्यात संरक्षित कुळाचा हक्क '३८-ई' म्हणून ओळखला जातो. इतर हक्कात ३८-ई दिसलं आणि तुम्ही ते न बघता जमीन दिली, तर पुढची पिढी कोर्टात.

उर्दू कागद घेऊन येणाऱ्यांना मी एकच सांगतो: गावात मशिदीजवळ एक रिटायर गुरुजी आहेत, त्यांच्याकडून आधी वाचून तर घ्या. एका काकांनी ज्याला चाळीस वर्षं 'जमिनीची सनद' म्हणून जपलं, ती बैल खरेदीची पावती निघाली. काका हसले, पण कागद परत पेटीत ठेवला.

इसार घेतलाय. आता मोडता येतो का?

सगळ्यात जास्त रडारड या प्रश्नावर होते, म्हणून जरा सविस्तर.

व्यवहाराच्या पायऱ्या अशा: इसार (बयाणा) पावती, साठेखत (विकायचा करार), खरेदीखत. इसार पावती म्हणजे बहुतेक वेळा पाचशेच्या बॉन्डवर लिहिलेला कागद, एक-दोन लाख रुपये आणि दोन साक्षीदार. त्याने जमीन जात नाही, पण तुम्ही बांधले जाता. मुदत, पूर्ण रक्कम, गट नंबर, चतुःसीमा असं सगळं त्यात असेल तर घेणारा 'ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या' म्हणून दिवाणी दावा लावू शकतो. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. दावा लागला की निकाल होईपर्यंत त्या जमिनीला दुसरं कोणी हात लावत नाही.

आमच्याकडची पद्धत अशी. एकजण येतो, एकरी भाव चांगला लावतो, लाखभर इसार देतो आणि मुदत अकरा महिने ठेवतो. त्याच्याकडे पुढचे पैसे नसतातच. तो तुमची पावती घेऊन फिरतो आणि एकरी पाच-दहा लाख वाढवून दुसऱ्याला गाठतो. गिऱ्हाईक मिळालं तर अकराव्या महिन्यात येतो, खरेदीखत थेट त्या दुसऱ्याच्या नावावर करायला लावतो. नाही मिळालं तर मुदत वाढवून मागतो. म्हणजे तुमच्याच जमिनीचा दलाल, नुसत्या लाखभर रुपयांच्या भरवशावर.

म्हणून इसार घ्यायचाच असेल तर मुदत तीन महिन्यांच्या वर नको, रक्कम चेकने घ्या, आणि 'मुदतीत पूर्ण रक्कम न दिल्यास व्यवहार रद्द समजावा' हे वाक्य आणि इसाराचं काय होणार हे दोन्ही लिहून घ्या.

मुखत्यारपत्राची गोष्ट याच्याही पुढची. 'तुम्हाला रजिस्ट्री ऑफिसला सारख्या चकरा नकोत, एकदाच मुखत्यारपत्र द्या.' ऐकायला गोड. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. पण तुमच्या नावाने खरेदीखतं करून द्यायचा अधिकार मात्र जातो. रिंगरोडकडच्या एका गावात एका आजींनी असं दिलं होतं. प्लॉट पाडून विकले गेले, सही कायदेशीर, पैसे आजींपर्यंत आलेच नाहीत. मुखत्यारपत्र रद्द करता येतं, पण तेही रजिस्टर करून, नोटीस देऊन, आणि त्याच्या आत झालेली खतं रद्द होत नाहीत.

एकरी भाव काय चाललाय?

मी सांगत नाही. भाव गटाला असतो, गावाला नसतो. रस्त्याला लागून, चौकोनी, वादात नसलेला गट आणि मागचा लांबुळका, नाल्यात उतरलेला गट यांचा भाव एक कसा असेल?

पण हिशेब शिकवतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. प्लॉटिंगवाला त्यातून रस्ते काढतो आणि मोठा लेआउट असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडतो. समजा विकायला निम्मी उरली: २१,७८० फूट. फुटाला दीड हजार लावले तर ३ कोटी २६ लाख ७० हजार. यातून बिगरशेतीचा खर्च, रस्ता, खांब, पाईप, कमिशन, जाहिरातीचा फ्लेक्स आणि तीन-चार वर्षांचं व्याज वजा करा. राहील तो त्याचा नफा आणि तुमचा भाव यांच्यातला झगडा आहे. शेजारच्या लेआउटमध्ये फुटाला काय चाललंय ते विचारायला पोराला गिऱ्हाईक बनवून पाठवा, लगेच कळतं.

बहिणींची सही लागतेच का?

लागते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क आहे. केंद्राचा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून बदलला, महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच बदल केला होता. आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याचाही फरक पडत नाही. हे हिंदू वारसा कायद्याचं झालं. मुस्लिम कुटुंबात वेगळा हिशेब आहे, तिथे मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण हिस्सा आहेच, आणि आमच्याकडे तो हिंदू घरांइतक्याच सहजपणे विसरला जातो.

आता दुकानातलं दृश्य सांगतो. राखीच्या आसपास हक्कसोडपत्राच्या चौकशा वाढतात. बहीण माहेरी आलेली असते, भावाने साडी घेतलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी गाडी करून रजिस्ट्री ऑफिस. दहा वर्षांपूर्वी जमीन एकरी दोन लाखाची होती तेव्हा कोणी काही बोलायचं नाही. 'माहेर तुटायला नको' म्हणून अंगठा. आता तीच जमीन कोटीची झाली. परवा एक ताई माझ्या काउंटरसमोर भावाला म्हणाली, 'दादा, मी सोडते, पण काय सोडते ते मला आधी वाचून दाखव.' दादाने चष्मा शोधायला सुरुवात केली. त्या दिवशी कागद झाला नाही. नंतर झाला, पण त्यात ताईच्या नावे अर्धा एकर होता.

व्यवहाराच्या बाजूनेही बघा. बहिणीची सही न घेता केलेलं खरेदीखत म्हणजे घेणाऱ्यालाही डोकेदुखी. शहाणा घेणारा स्वतःच सह्या मागतो. जो 'बहिणींचं नंतर बघू' म्हणतो, तो तुमच्याकडून कमी भावात घेऊन तो धोका पुढच्याच्या गळ्यात घालणार आहे.

शेतकरी नसलेल्याला विकता येते का?

शेतजमीन शेतकऱ्यालाच. दुसऱ्याला द्यायची तर परवानगी किंवा कायद्यातली सूट लागते. म्हणून घेणाऱ्याचा शेतकरी असल्याचा पुरावा बघा. नाहीतर फेरफार नामंजूर होतो, घेणारा तुमच्या दारात येतो, आणि पैसे तर तुम्ही ट्रॅक्टरमध्ये घातलेले असतात.

एक-दोन गुंठे विकले तर?

तुकडेबंदीचा, म्हणजे शेतीचे फार लहान तुकडे विकू न देणारा, कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र (विकता येणारा कमीत कमी तुकडा) जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. प्रमाणभूत क्षेत्राखालच्या तुकड्याची रजिस्ट्री पूर्वीपासूनच अडायची, म्हणून लोकांनी बॉन्डवर प्लॉट घेतले आणि घरं बांधली. त्यातून गुंठेवारी जन्माला आली. ती नियमित करण्याचा कायदा २००१ चा; २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदीतही सवलत दिली. तुमचा गट त्यात बसतो की नाही हे गटाच्या झोनवर आणि तारखेवर ठरतं, तेव्हा तहसीलमध्ये गट नंबर घेऊनच जा, तोंडी विचारू नका.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी एक ओळ: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा लेआउट असेल तर रेरा नंबर (प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक) विचारा. नंबर सांगताना घसा खाकरला की समजा.

आणि घर गावाला लागून असेल तर बघा: गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन ठरावीक कर भरून बिगरशेती धरली जाते, मोठी फाईल फिरवावी लागत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही, दलालांना सगळ्यांना माहीत आहे. हे २०० मीटर त्यांनी आधी उचलले.

एमआयडीसीची नोटीस आली तर जमीन जातेच का? पैसे किती मिळतात?

एमआयडीसी १९६१ च्या स्वतःच्या कायद्याखाली घेते. आधी कलम ३२(२) ची नोटीस येते: 'का घेऊ नये ते सांगा.' नोटिशीत मुदत लिहिलेली असते, त्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी आरडाओरडा कितीही केला तरी फाईलमध्ये जात नाही. नंतर ३२(१) ची अधिसूचना निघते आणि जमीन सरकारची होते. रस्ता, रेल्वे, धरण यांना वेगवेगळे कायदे आहेत, म्हणून नोटिशीवर पहिल्यांदा कायद्याचं नाव वाचा.

मोबदल्याचा विषय निघाला की 'चार पट मिळतात' असं पारावर सगळे सांगतात. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात ग्रामीण भागासाठी बाजारभावाला १ ते २ यातला गुणांक लावतात आणि जे येईल तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर देतात. गुणांक २ असेल तर चार पट, १ असेल तर दुप्पटच. कोणत्या प्रकल्पाला कोणता गुणांक, हे सरकार ठरवतं आणि बदलतंही.

आता ज्याच्यावर कोणी बोलत नाही ते. तो 'बाजारभाव' कुठून येतो? एक तर रेडीरेकनर, म्हणजे मुद्रांकासाठीचा सरकारी दर, नाहीतर मागच्या तीन वर्षांत आसपास झालेल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, यात जे जास्त असेल ते. म्हणजे मुद्रांक वाचवायला तुम्ही एक कोटीची जमीन कागदावर तीस लाखाची दाखवली, बाकी रोख घेतली, की मुद्रांकाचे काही लाख वाचले. आणि दोन वर्षांनी गावात संपादन आलं तेव्हा सगळ्या गावाचा भाव त्या तीस लाखांवरून निघाला. आमच्याकडे नेमकं असंच झालं. रोख घेणारे दोघे-तिघेच होते. त्यांच्या दारात आज कोणी बसत नाही, पण त्याने भाव वाढत नाही.

पंचनाम्याच्या दिवशी शेतात हजर राहा. विहीर, बोअर, पाईपलाईन, गोठा, मोसंबीचं प्रत्येक झाड मोजून घ्या. झाडाचं वय लिहितात, फळाला आलेल्या झाडाचा आणि रोपाचा मोबदला सारखा नसतो. एका आबांच्या बागेत १८० झाडं होती, पंचनाम्यात १४० लागली, कारण मोजणीच्या दिवशी आबा सोयरिकीला गेले होते. सोयरीकही जमली नाही.

रक्कम मान्य नसेल तर चेक नाकारायची गरज नाही. 'हरकत राखून स्वीकारतो' असं लिहून घ्या आणि वाढीव मोबदल्यासाठी मुदतीत अर्ज करा. शेजाऱ्याने कोर्टातून वाढवून आणलं तर त्याच अधिसूचनेतले बाकीचेही तेवढं मागू शकतात, पण निकालापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणून शेजाऱ्याच्या केसवर लक्ष ठेवा. भांडण असलं तरी.

विकलेल्या पैशावर टॅक्स लागतो का?

शहरापासून किती लांब, यावर ठरतं. १० लाखांवर लोकवस्तीच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन भांडवली मालमत्ता धरतात, म्हणजे नफ्यावर कर. त्यापलीकडची खरोखर ग्रामीण शेतजमीन असेल तर नाही. अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत मोजतात. छत्रपती संभाजीनगरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पावणेबारा लाख होती, तेव्हा ८ किलोमीटरचा नियम आपल्याला लागू. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर त्यातही सूट आहे. सीएकडे व्यवहाराच्या आधी जा. लोक नंतर जातात, नोटीस हातात घेऊन.

गायरान विकायचं चाललंय म्हणे. कोण विकतं?

कोणीच विकू शकत नाही. गायरान सरकारच्या मालकीचं, देखभाल ग्रामपंचायतीकडे. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक यांच्यापैकी कोणाच्याही सहीने ते खाजगी होत नाही. सार्वजनिक कामासाठी द्यायलाही शासनाची मान्यता लागते. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय.

पण इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठवाड्यात गायरान म्हणजे नुसतं गुरं चारायचं रान नाही. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला, आणि तेव्हापासून कित्येक दलित कुटुंबांनी गायरान फोडून कसायला घेतलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करायचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. किती जणांच्या नावावर झाली? आमच्या गावात अकरा घरं कसतात, सातबाऱ्यावर दोघं. बाकीच्यांकडे दंडाच्या पावत्या, पीकपाण्याच्या जुन्या नोंदी आणि केसचे कागद आहेत. ते जपा. 'गायरान वाचवा' म्हणून आज जे सगळ्यात मोठ्याने ओरडतात, त्यातल्या काहींना ते रिकामं हवंय ते गुरांसाठी नाही. कोणत्या दोन टोळ्या गायरानाभोवती फिरतायत ते गावाला ठाऊक आहे, मी लिहीत नाही.

प्लॉटिंगच्या कंपाउंडमध्ये आमची पाणंद गेली. काय करायचं?

हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. २०१८ मध्ये आम्ही रस्त्याकडचा सव्वा एकर दिला. घेणाऱ्याने शेजारचे तीन गट घेतले आणि सगळ्याला मिळून एक भिंत घातली. आमच्या मागच्या शेतात जायची बैलगाडीची वाट त्या भिंतीत गेली. दादा, म्हणजे माझे वडील, पहिल्या दिवशी गाडी घेऊन गेले आणि भिंतीसमोर बैल उभे करून तसेच बसून राहिले. बैलांना वाट माहीत होती, ते पुढे ढकलत होते.

उपाय असा. मोजणी कार्यालयातून गाव नकाशा काढा. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने, पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. नकाशावरची वाट अडवली तर तहसीलदारांकडे अर्ज. वहिवाटीची असेल, नकाशावर नसेल, तरी मामलतदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खाली अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने लोक मध्यस्थी करण्यात घालवतात, हे प्लॉटिंगवाल्याला माहीत असतं. आम्ही पाचव्या महिन्यात केला. चौदा महिन्यांनी वाट मिळाली, आठ फूट. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एक मागे घ्यावी लागते.

एवढे बोअर झाले तर आमच्या विहिरीचं काय?

जायकवाडी भरली तरी तिचं पाणी इथे येत नाही, ते शहराला आणि एमआयडीसीला जातं; शहरालाच कित्येक दिवसांनी एकदा मिळतं. आपलं सगळं विहिरी-बोअरवर. खाली काळा पाषाण, पाणी धरणाऱ्या फटी मोजक्या. शेजारी चार कॉलन्या आणि प्रत्येकीत सहा बोअर म्हटल्यावर आपली विहीर फेब्रुवारीतच उघडी पडते. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय बोअर घेता येत नाही, एवढं कायद्याने आपल्या हातात आहे. त्याची तक्रार ग्रामपंचायतीने ठराव करून द्यावी. नाला वळवला किंवा बुजवला असेल तर फोटो तारखेसह काढून ठेवा, पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी कोणाच्या घरात शिरणार ते तेव्हाच कळेल.

ग्रामसभेच्या ठरावाने प्रकल्प थांबतो का?

पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागासारखे अधिकार आपल्या ग्रामसभेला नाहीत. पण ठराव कचऱ्यात जात नाही. हरकतीसोबत जोडला तर वजन येतं, कोर्टात पुरावा होतो, आणि पाणी, रस्ते, कर, गायरान यावर तर ग्रामसभेचाच विषय आहे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी कमी ती. आमच्याकडे १०० माणसं हळदी-कुंकवाला जमतात, ग्रामसभेला तीस. मग इतिवृत्तात शंभर सह्या कुठून येतात ते विचारायला कोणी जात नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत इतिवृत्ताची प्रत मागता येते. मी फॉर्म भरून देतो.

गाव महापालिकेत गेलं तर बरं की वाईट?

शहराभोवतालची २८ गावं झालर क्षेत्र म्हणून वर्षानुवर्षं आराखड्याची वाट बघत राहिली, शहरालगतची सातारा आणि देवळाई ही गावं महापालिकेत गेली. तिथल्या माणसांना विचारून बघा: मालमत्ता कर आधी येतो, ड्रेनेज आणि नळ मागून. पण रस्त्यावर दिवे लागले, हेही तेच सांगतात.

पोरांना कंपनीत नोकरी लागेल का?

वाळूजला ऐंशीच्या दशकात कारखाने आले तेव्हा आसपासच्या गावांतली काही माणसं कायम झाली, बंगले बांधले. तो काळ आता नाही. आता बहुतेक भरती ठेकेदारामार्फत, सहा-सात महिन्यांनी ब्रेक. आयटीआयचा फिटर, इलेक्ट्रिशियन, सीएनसी झालेला पोरगा टिकतो. जमीन दिली म्हणून नोकरी, हे लिहून मिळालं असेल तरच धरा. भाषणात मिळालेलं धरू नका.

तुम्ही बाकीची जमीन विकणार का?

हे प्रत्येकजण विचारतो, अगदी प्लॉटिंगवालासुद्धा. आमच्याकडे पावणेचार एकर राहिलंय. माझी बहीण करमाडला दिलेली आहे, तिचं नाव मागच्या वर्षी सातबाऱ्यावर लावून घेतलं. दादा म्हणतात, त्यांच्या हयातीत नाही. माझा मोठा पोरगा म्हणतो, आत्ताच द्या. मी सध्या कापूस वेचायला माणसं शोधतोय.

सातबारा काढायला किती पैसे लागतात? दुकान कधी उघडं असतं?

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सरकारी फी १५ रुपये, वर छपाईचे माझे. सकाळी नऊला उघडतो. दुपारी लाईटचा भरवसा नाही. वारसांची कामं असतील तर बहिणींना घेऊन सकाळीच या, जालन्याची बस साडेचारला असते आणि त्या बसमध्ये बसायला जागा मिळत नाही.